फिजिओथेरपीसाठी ९ लाखांचं कर्ज काढावं का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीला बारावीला पीसीबीत ७८ टक्के आहेत, नीटचे गुण एमबीबीएसपर्यंत पोचत नाहीत. नवी मुंबईतल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात फिजिओथेरपीची जागा मिळते आहे. फी वर्षाला सव्वादोन लाख, म्हणजे चार वर्षांचे ९ लाख, आणि ते सगळे कर्ज काढूनच भरायचे. यजमान ५३ वर्षांचे, खासगी कंपनीत, ५८ला निवृत्त होतील. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेसात लाख, प्रवर्ग ओबीसी. शेजारची मुलगी फिजिओथेरपिस्ट होऊन १८ हजारांवर क्लिनिकमध्ये काम करते, ते बघून धास्ती वाटते. कर्ज काढावं का?

ताई, धास्ती बरोबर आहे, पण तिचा रोख थोडा चुकतोय. तुम्ही १८ हजारांकडे बघून पदवीवर शंका घेताय. त्या १८ हजारांना पदवी जबाबदार आहे, पण ९ लाखांना पदवी जबाबदार नाही, ती विशिष्ट जागा आहे. महापालिकेच्या केईएम, सायन किंवा नायरमधून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालेली मुलगी आणि अभिमत विद्यापीठातली मुलगी, दोघींची नोंदणी महाराष्ट्राच्या एकाच ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी परिषदेत होते आणि दोघी एकाच मुलाखतीच्या रांगेत बसतात. मी क्लिनिकसाठी माणसं घेते तेव्हा उमेदवाराने किती फी भरली हे बघत नाही. खांदा तपासताना तिचे हात कुठे जातात, केसपेपरवर ती काय लिहिते, एवढंच बघते. म्हणजे कमाईची बाजू जवळपास ठरलेली आहे, खर्चाची बाजू मात्र तुमच्या हातात आहे. म्हणून आधी खर्चाचा खरा आकडा काढू.

फी दर वर्षाच्या सुरुवातीला सव्वादोन लाख अशी चार हप्त्यांत बँकेतून जाईल. व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर बँकेची एक वर्षाची हप्त्यांना सुटी, म्हणजे ईएमआय साडेपाच वर्षांनी सुरू होईल. (फिजिओथेरपीसारख्या अभ्यासक्रमांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यात वर्षभराची इंटर्नशिप धरून हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. मुलीच्या तुकडीला कोणता लागू आहे ते कॉलेजकडून लेखी घ्या, कारण सहा महिने वाढले की व्याजही वाढतं.) सुटीच्या काळात व्याज थांबत नाही, सरळव्याजाने साठत राहतं. पहिल्या हप्त्यावर साडेपाच वर्षांचं, दुसऱ्यावर साडेचार, तिसऱ्यावर साडेतीन, चौथ्यावर अडीच. एकूण ३ लाख ६० हजार. ते मुद्दलात मिळवलं की ईएमआय सुरू होण्याच्या दिवशी तुमच्या डोक्यावर ९ नाही, १२ लाख ६० हजार असतील. त्यावर १० वर्षांचा हप्ता महिना सुमारे १६,६५० रुपये, १५ वर्षांचा सुमारे १३,५४०. दहा वर्षांत जवळपास २० लाख भरून होतात, पंधरा वर्षांत २४ लाखांवर.

आता १८ हजारांशेजारी १६,६५० ठेवून बघा. तुमच्या धास्तीचं कारण हेच आहे. यात फी दरवर्षी वाढणार नाही असं गृहीत धरलंय, आणि अभिमत विद्यापीठात ती बहुधा वाढते. माहितीपुस्तिकेत पहिल्याच वर्षाची फी ठळक छापलेली असते. वाढीची टक्केवारी, विद्यापीठाची परीक्षा फी, अनामत, गणवेश, साहित्य हे सगळं वेगळ्या पानावर असतं. बँक कर्ज मंजूर करते ते फीच्या पत्रावर, तेव्हा पूर्ण अभ्यासक्रमाचं वर्षनिहाय पत्र मागा, नाहीतर तिसऱ्या वर्षी तीस-चाळीस हजारांसाठी धावाधाव होते.

दुसरी गोष्ट तुमच्याच प्रश्नात आहे, पण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. ईएमआय सुरू होईल तेव्हा यजमान साडेअठ्ठावन्नचे असतील. म्हणजे ज्यांच्या पगारपत्रकावर बँक आज कर्ज देईल, तो पगार पहिल्या हप्त्याच्या सहा महिने आधीच बंद झालेला असेल. सहकर्जदार तेच. हप्ता चुकला तर सिबिल दोघांचंही बिघडतं. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात: घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी. साडेसातच्या आत असेल तर केंद्राच्या पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही. डोंबिवलीचं घर निवृत्तीच्या उंबरठ्यावर तारण ठेवावं लागणार असेल तर तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा ९ लाखांच्या खाली या.

कमाईबद्दल. मुंबई-ठाण्यात नव्या बीपीटीएचला क्लिनिकमध्ये साधारण १५ ते २५ हजार मिळतात, मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात थोडं वर. शेजारच्या मुलीचा पगार अपवाद नाही. तो कमी का, हे समजून घ्या, कारण पुढे वाढेल की नाही ते त्यावरच ठरतं. नवी मुलगी क्लिनिकमध्ये आली की तिच्याकडे येणारा प्रत्येक रुग्ण मालकाचा असतो. कोणत्या तरी अस्थिरोगतज्ज्ञाने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो मालकाच्या नावावर पाठवलेला असतो. भाडं, यंत्रं, रिसेप्शन मालकाचं. मुलगी फक्त तास देते, आणि तास देणाऱ्या मुली भरपूर आहेत. पगार वाढतो तो रुग्ण तिचं नाव घेऊन येऊ लागले की, किंवा ती असं काही करू लागली जे शेजारच्या चौघींना येत नाही. पक्षाघातानंतरचं पुनर्वसन, लहान मुलांमधला सेरेब्रल पाल्सी, आयसीयूमधली छातीची फिजिओथेरपी, चक्कर आणि तोल जाण्याचे विकार, प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम. यांत माणसं कमी आहेत. कंबरदुखीला शेक आणि आयएफटी (सौम्य विद्युतप्रवाहाचं यंत्र) लावणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत.

कर्जाचा खरा तोटा इथे आहे, आणि तो ईएमआयच्या तक्त्यात दिसत नाही. वर सांगितलेलं काम जिथे शिकायला मिळतं, म्हणजे मोठी रुग्णालयं, मेंदूविकार विभाग, विशेष मुलांच्या संस्था, तिथे पहिली दोन वर्षं पगार बऱ्याचदा कमी आणि मेहनत जास्त. जिथे लगेच पाच हजार जास्त मिळतात तिथे रोज तेच यंत्र, तेच दहा व्यायाम. १६ हजारांचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी दुसरी नोकरी निवडते, निवडावीच लागते. तीन वर्षांनी तिचा पगार २२ ते २५ हजारांवर अडकतो आणि घरचे म्हणतात, या क्षेत्रात पैसाच नाही.

कुणी तुम्हाला सांगेल की होम व्हिजिट केल्या की महिना ५० हजार कुठेच गेले नाहीत. कागदावर जवळपास खरं आहे. व्हिजिटचे ७०० रुपये धरा, एजन्सीने आपला वाटा कापून हातात ४५० येतात असं धरा, दिवसाला चार, महिन्याला २४ दिवस: ४३,२०० होतात. पण रुग्ण दहा-पंधरा बैठकांनंतर बरा होतो किंवा कंटाळतो, आणि दुसरा लगेच मिळतोच असं नाही. मे महिन्यात लोक गावी जातात, गणपतीत आठवडा जातो, जुलैत पाणी तुंबलं की दोन व्हिजिट रद्द. चार रुग्ण डोंबिवली पूर्वेलाच असतील तर जमतं. एक मुलुंडला आणि एक घाटकोपरला असेल तर दिवस लोकलमध्येच संपतो. मी हिशोबाला साठ टक्केच धरते, म्हणजे २६ हजारांच्या आसपास, त्यातून प्रवासखर्च वजा. वाईट नाही, पण हे उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं आणि ईएमआय सारखा असतो. ‘कन्सल्टंट’ म्हणून नेमणूक असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: पीएफ आहे का, आणि १० टक्के टीडीएस कापून पैसे देणार का. टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो, पण महिन्याच्या हातखर्चाला तो नसतो. २५ हजार सांगितले की हातात साडेबावीसच येतात.

मग किती कर्ज झेपेल? माझी पद्धत अशी. ईएमआय सुरू होताना तिचा हातात येणारा पगार २४ हजार धरा, कारण तोवर वर्षभर काम झालेलं असेल. ती घरीच राहणार, भाडं नाही, म्हणून पगाराचा तिसरा हिस्सा, ८ हजार, हप्त्याला जाऊ शकतो. बाहेर भाड्याने राहणार असेल तर चौथाच हिस्सा धरा, ६ हजार. दहा वर्षं आणि १० टक्क्यांनी ८ हजारांच्या हप्त्यात सुमारे ६ लाखांचं कर्ज फिटतं, ६ हजारांत साडेचार लाखांचं. पण हे ईएमआय सुरू होतानाचे आकडे आहेत. वरच्या हिशोबात आज घेतलेला एक रुपया तोवर १ रुपया ४० पैसे झाला होता. त्यामुळे आज प्रत्यक्ष घ्यायचं मुद्दल पहिल्या परिस्थितीत सव्वाचार लाख, दुसऱ्या परिस्थितीत सव्वातीन लाख. शिकत असताना व्याज तुम्ही भरत राहिलात तरच ही मर्यादा ६ आणि साडेचार लाखांपर्यंत जाते. १५ वर्षांचा हप्ता घेऊन आकडा वाढवता येतो, पण दहा वर्षांचा हप्ता तिच्या साडेतेविसाव्या वर्षापासून साडेतेहतिसाव्यापर्यंत चालतो आणि पंधरा वर्षांचा साडेअडतिसाव्यापर्यंत. या काळात लग्न, बाळंतपण, एक-दोन वर्षांची सुटी, यांपैकी काहीतरी येणार. स्वतःचं क्लिनिक काढायचं तर तेव्हाच काढायचं, आणि चालू कर्ज असलेल्याला बँक दुसरं कर्ज देताना आखडतं घेते.

थोडक्यात, या घरासाठी ९ लाख हे झेपण्याच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे. हे माझं मत तुमच्या आकड्यांवर आहे. दोघांपैकी एकाला पेन्शन असती, किंवा अर्धी फी ठेवीतून निघत असती, तर मी वेगळं म्हटलं असतं.

आता खर्चाच्या बाजूला या, तिथेच खरा उपाय आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अट अशी, की प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती नाही, आणि अभिमत विद्यापीठालाही नाही. म्हणजे तुम्ही जी जागा धरून बसला आहात, नेमक्या तिथेच तुमच्या हातातली सवलत वाया जाते. साडेसात लाखांच्या उत्पन्नात तुम्ही बसता. यजमानांना पगारवाढ मिळून ८ लाखांच्या पुढे गेलात तर नाही, म्हणून दाखल्यावर कोणत्या वर्षाचं उत्पन्न येतं ते तहसील कार्यालयात नीट बघून घ्या. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि केंद्रीय प्रक्रियेचं वाटपपत्र, ही कागदं आत्ताच गोळा करा. नॉन-क्रिमीलेयर ऐन वेळी काढायला गेलेल्यांची दरवर्षी तारांबळ होते. मुलगी ज्या कॉलेजांचा विचार करते त्यांचं आणि अभ्यासक्रमाचं नाव महाडीबीटी या सरकारी सवलतींच्या पोर्टलच्या यादीत आहे का, तेही आधीच तपासा. कॉलेजने पूर्ण फी आधी भरा, सवलतीचे पैसे मग परत देऊ, असं म्हटलं तर तोंडी मान्य करू नका. लेखी मागा.

राज्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाक्-श्रवण चिकित्सा यांचे प्रवेश नीटवर आणि सीईटी सेलच्या वेगळ्या गटातून होतात. एमबीबीएस, बीडीएस आणि आयुषच्या फेऱ्या पुढे सरकत जातात तशी मुलं फिजिओची जागा सोडून तिकडे जातात. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत चांगल्या जागा मोकळ्या होतात. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून घाबरून अभिमत विद्यापीठात पैसे भरण्याची चूक बरीच घरं करतात. तिथे पैसे भरायचेच असतील तर आधी प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख आणि किती रक्कम कापतात ते लेखी घ्या. मूळ कागदपत्रं ठेवून घेणार का, तेही विचारा. मूळ कागद एकीकडे अडकले की दुसरीकडे मिळालेली जागा हातची जाते.

केंद्रीय प्रक्रियेतली जागा मुंबईतच मिळेल असं नाही. नाशिक किंवा पुण्याची मिळाली तर वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला लाखभर लागतील असं धरा, म्हणजे साडेचार वर्षांत साडेचार लाख. त्यातला मोठा भाग चालू उत्पन्नातून निघाला तर कर्ज तीन लाखांवर राहतं, आणि ते झेपतं. नवी मुंबईतली जागा घरून करता येते, डोंबिवलीहून ठाणे आणि पुढे ट्रान्स-हार्बर, विद्यार्थ्यांच्या पासवर स्वस्तही पडतं. पण पासात वाचलेले पैसे सव्वादोन लाखांच्या फीपुढे काहीच नाहीत. पोटात कालवाकालव होईल हे मान्य, मुलगी अठराची आहे. पण निर्णय घेताना ते फीच्या खात्यात मिसळू नका.

कोणतंही कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, ओपीडी बघा. सकाळी अकराला फिजिओच्या ओपीडीत किती रुग्ण बसलेत ते मोजा. स्वतःचं रुग्णालय आहे की फक्त करार केलेलं, अंतरुग्ण विभागात आणि आयसीयूत विद्यार्थ्यांना पाठवतात का, इंटर्नला विद्यावेतन किती. काही ठिकाणी ते नाममात्र असतं, काही ठिकाणी शून्य. शेवटच्या वर्षातल्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारा की आतापर्यंत किती पक्षाघाताचे रुग्ण स्वतः हाताळले. उत्तर द्यायला त्या अडखळल्या तर काय ते समजा. चार वर्षं एकमेकींवरच सराव केलेल्या मुलीला पहिल्या नोकरीत पुन्हा सगळं शिकावं लागतं, आणि ती वर्षं कमी पगाराची जातात.

फिजिओच हवं का, हाही प्रश्न एकदा मुलीला विचारा. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत यासाठीची चिकित्सा) महापालिकेच्या याच तीन महाविद्यालयांत आहे आणि मुंबईत बालविकास केंद्रांकडून तिला चांगली मागणी आहे. लोकांना नाव माहीत नाही एवढंच. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत वाक्-श्रवण चिकित्सेची चार वर्षांची पदवी आहे. कॅथलॅब, डायलिसिस, रेडिओलॉजी असे तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम कमी खर्चाचे असतात आणि त्यांत पगार लवकर सुरू होतो, पण स्वतःचा व्यवसाय काढण्याची वाट जवळपास नसते आणि रात्रपाळी असते. परदेशाचं कुणी सुचवलं तर तो फक्त पुढचा पर्याय माना, कर्ज फेडण्याचा मार्ग नव्हे. प्रत्येक देशाची वेगळी नोंदणी, वेगळी परीक्षा आणि वेगळा खर्च असतो. दोन वर्षांचं एमपीटीएचही (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) पहिलं कर्ज निम्म्यावर येईपर्यंत खासगी जागेवर करू नये. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्र कोर्सांवरही पहिल्या वर्षी पैसे घालू नये. एवढं काम केल्यावर आपल्याला कशाची गरज आहे ते तिचं तिलाच कळेल.

सगळं करूनही अभिमतचीच जागा घ्यायची ठरली तर कर्ज साडेसात लाखांच्या आत बसवा, उरलेले आत्ता भरा आणि शिकत असतानाच व्याज दर महिन्याला भरत जा. तुमच्या ९ लाखांच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिना १,८७५, दुसऱ्या वर्षी ३,७५०, तिसऱ्या वर्षी ५,६२५ आणि त्यानंतर ७,५०० रुपये होतं. यजमान नोकरीत आहेत तोवर हा भार त्यांच्या पगारातून उचलणं, निवृत्तीनंतर १६ हजारांचा हप्ता उचलण्यापेक्षा सोपं आहे. असं केलं तर दहा वर्षांचा हप्ता ११,९०० रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण दोन लाखांहून जास्त वाचतात. शिवाय बऱ्याच बँका सुटीच्या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूट देतात, मुलींना अर्धा टक्का वेगळी. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत ते विद्यापीठ असेल तर ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला सुटीच्या काळात व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळू शकते. अर्ज जरूर करा, पण ९ लाखांवर त्याने महिन्याचा हप्ता साधारण १,४०० रुपयांनीच उतरतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट मात्र हिशोबात धरू नका. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २५ हजार पगारावर मुलीला तसाही कर लागणार नाही.

बँकेत जाल तेव्हा मॅनेजरला तीन गोष्टी लेखी विचारा: व्याज सरळ धरणार की चक्रवाढ, मधे रक्कम भरली तर दंड आहे का, आणि एखाद्या वर्षी विषय राहिला तर फीचा पुढचा हप्ता अडवणार का. बहुतेक बँका पुढचा हप्ता सोडण्याआधी गुणपत्रिका मागतात. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात बरीच मुलं अडकतात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या फीच्या हप्त्याएवढी रक्कम वेगळी बाजूला ठेवून मगच सही करा.